गावाचे साडेएकोणीस लाख आणि तालुक्याची शाखा : पाच वर्षांचा अनुभव

देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका ग्रामपंचायतीची मी २०१७ ते २०२२ सरपंच होते. आमची सगळी खाती तालुक्याच्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत आहेत. शाखेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्या ज्यांच्या वेळी घडल्या ते बरेचसे लोक बदलून गेलेत. पण नव्याने निवडून आलेल्या बायका फोन करून विचारतात, "ताई, पंचायतीचे पैसे कुठे ठेवू?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी आकडा सांगते, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. २०१९ अखेर आमच्या ग्रामनिधी खात्यात चार लाख होते, पाणीपुरवठ्याच्या खात्यात दीड लाख आणि मुदत ठेव चौदा लाखांची. एकूण साडेएकोणीस लाख. मोठ्या नगरपालिकेला हा आकडा किरकोळ वाटेल. आमच्याकडे ती चौदा लाखांची ठेव अकरा वर्षांची साठवण होती. घरपट्टी, पाणीपट्टी, किनाऱ्यावरच्या वाहनतळाची फी यातून दरवर्षी थोडं थोडं बाजूला टाकलेलं. वरच्या वाडीला उन्हाळ्यात पाणी चढत नाही, तिथे नवी टाकी बांधायची म्हणून ते राखून ठेवलं होतं.

सरपंच झाल्यावर पहिली जवळपास दोन वर्षं मला वाटायचं की पैसे बँकेत आहेत म्हणजे झालं. बँकेत असणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला सप्टेंबर २०१९ मध्ये कळलं. २३ तारखेला रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध घातले आणि खातेदाराला सुरुवातीला हजारच रुपये काढता येतील असं सांगितलं. आमच्या गावचे चाकरमानी मुंबईत. भांडुपला, मुलुंडला कुणाचं ना कुणाचं खातं तिथे होतं. फोन येत होते, बायका रडत होत्या. मी पहिल्यांदा विचार केला की ही वेळ आपल्या पंचायतीवर आली तर?

ठेवींचा विमा असतो, एवढं ऐकून माहीत होतं. शाखेत जाऊन विचारलं. तेव्हाचे शाखाधिकारी दक्षिणेकडचे होते, मराठी अडखळत बोलायचे, पण त्यांनी मला अर्धा तास दिला. त्यांनी सांगितलं की ठेव विमा महामंडळ बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एक लाखापर्यंत देतं. मी म्हटलं, मग ठेव फोडून थोडी कणकवलीच्या शाखेत ठेवते. त्यांनी कागदावर दोन चौकोन काढले, दोन्हीभोवती एक मोठा गोल काढला आणि म्हणाले, "मॅडम, शाखा दोन, बँक एक. सगळं एकत्र मोजतात. बचत, चालू, मुदत, मुद्दल, व्याज, सगळं." तो कागद मी घरी आणला आणि सदस्यांना दाखवला. शाखा वाढवून विमा वाढत नाही, बँक बदलली तरच वेगळा मोजला जातो, ही गोष्ट आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हती. साडेएकोणीस लाखांतले साडेअठरा लाख विम्याबाहेर होते.

(४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा पाच लाख झाली. त्याआधी १९९३ पासून ती लाखावरच होती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. पेण अर्बन बँकेवर २०१० मध्ये निर्बंध आले तेव्हा यातलं काहीच नव्हतं. रायगडातल्या लोकांना त्याबद्दल वेगळं सांगायला नको. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा मुळातच नाही, तेव्हा गावातली पतसंस्था कितीही ओळखीची असो, पंचायतीचा पैसा तिथे ठेवू नका.)

२०१९ च्या डिसेंबरात दुसऱ्या एका बँकेचे ठेवी गोळा करणारे अधिकारी आमच्या कार्यालयात आले. त्यांची बँक ठेवीवर सव्वा टक्का जास्त देत होती. चौदा लाखांवर वर्षाला साडेसतरा हजार. आमच्या पाणी सोडणाऱ्या माणसाच्या तीन महिन्यांच्या मानधनाएवढे. दोन सदस्य लगेच तयार झाले, आणि मला त्यांचं चुकीचं वाटलं नाही. गावाचे साडेसतरा हजार का सोडायचे? मी विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठेवला.

त्या सभेत वरच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या काकी उठल्या. त्या सभेला येतात, बोलत कधी नाहीत. त्या म्हणाल्या, "वैनी, बँक बुडाली तर ती पावती नळाक लावन पाणी येतला काय?" सगळी सभा गप्प झाली. टाकी त्यांच्या वाडीची होती. डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणाऱ्या बाईने विचारलेला प्रश्न होता तो, त्याच्यापुढे सव्वा टक्क्याचं गणित मांडायला कुणाचा धीर झाला नाही. ठराव झाला की ग्रामनिधीची ठेव राष्ट्रीयीकृत बँकेतच राहील. ती जास्त व्याज देणारी बँक आजही नीट चालू आहे, हेही लिहायला हवं. तिने कुणाचं वाईट केलेलं नाही. पण आमच्याकडे तिला तपासायचं साधन नव्हतं. ताळेबंद वाचणारा माणूस गावात नाही, आणि जे आपल्याला तपासता येत नाही तिथे दुसऱ्याचा पैसा ठेवायचा नाही, असं मी ठरवलं.

दीड महिन्याच्या आत, ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले. महिन्याला पन्नास हजारांची मर्यादा. पिंपरी-चिंचवड महापालिकेचे सुमारे ९८४ कोटी तिथे होते. १८ मार्चला निर्बंध उठले, पैसे वाचले, पण ते तेरा दिवस तिथल्या लेखाधिकाऱ्यांनी कसे काढले असतील याचा मी विचार करते. त्याच महिन्यात राज्य सरकारने आपल्या विभागांची खाती राष्ट्रीयीकृत बँकांत ठेवायला सांगितलं. केंद्र आणि राज्य सरकारच्या ठेवींना तर विम्याचं संरक्षणच नाही, हे मला तेव्हा वाचून समजलं.

आता शाखेकडे येते.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ही शाखा नियमाला चिकटून असते. मला हे पटायला एक वादळ जावं लागलं. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं. आमच्याकडे माड पडले, खांब वाकले, पंपघराचे पत्रे उडाले, वीज गेली ती परत केव्हा येईल सांगता येत नव्हतं. पाणी नाही. भाड्याने जनरेटर आणायचा होता, मालक आगाऊ पैसे मागत होता, अठरा हजार. आमचे ग्रामसेवक भाऊ कोविडने घरात विलगीकरणात. मी माझ्या एकटीच्या सहीचा चेक घेऊन स्कूटीवरून बँकेत गेले. रस्त्यात तीन ठिकाणी माड कापून बाजूला करत होते. काऊंटरवरचे अधिकारी मला चार वर्षं ओळखत होते. त्यांनी चेक पाहिला, उलटा केला, परत सरळ केला आणि म्हणाले, "मॅडम, दुसरी सही?" मी सगळं सांगितलं. आवाज चढला माझा. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली, चेक मात्र परत दिला.

मी ग्रामसेवक भाऊंच्या घरी गेले. ते पडवीत आले, मी अंगणात माडाच्या बुंध्याशी उभी राहिले. त्यांच्या मुलीने पाण्याच्या पिंपाचं झाकण पालथं घातलं, त्याच्यावर चेकबुक ठेवलं, मी आणलेलं पेन सॅनिटायझरने पुसलं. भाऊंनी सही केली तेव्हा त्यांचा हात थरथरत होता, ताप होता अंगात. सही थोडी हलली. दुसऱ्या दिवशी बँकेने त्या हललेल्या सहीसाठी भाऊंना फोन करून खात्री केली आणि मग पैसे दिले. एक दिवस गेला. वाडीतल्या लोकांनी विहिरीचं पाणी काढलं. मी त्या दिवशी फार चिडले होते, आज त्या अधिकाऱ्यांचे मनापासून आभार मानते. ज्या काऊंटरवर माझ्यासारख्या ओळखीच्या सरपंचाला एका सहीवर अठरा हजार मिळत नाहीत, त्या काऊंटरवर उद्या कुणालाच एका सहीवर चौदा लाख मिळणार नाहीत.

म्हणून नव्या सरपंचांना हात जोडून सांगते, कोऱ्या चेकवर सही करून ठेवू नका. "तुम्ही मुंबईला चाललात, दोन चेकवर सही करून जा," असं सहज म्हटलं जातं. म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण दोन सह्यांचा नियम आहे तो दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवावं म्हणून, आणि कोऱ्या चेकवर सही केली की दोघांतला एक उरतो.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे पासबुक. ऐकायला फार साधी वाटेल. या शाखेत एक शिपाईदादा पासबुक छापायला बसतात. जुना प्रिंटर, करकर आवाज करतो, मध्येच कागद तिरका घेतो. दादा पान दोन्ही बोटांनी ताणून धरतात, ओळ बरोबर जागी बसली का पाहतात, शेवटच्या शिलकेखाली जांभळा शिक्का मारतात. मी महिन्याच्या पहिल्या सोमवारी जायचे. परत येऊन ग्रामसेवक भाऊ रोकडवही उघडायचे, नमुना ५, आणि आम्ही समोरासमोर बसून ओळ ओळ टिक करायचो. आपण दिलेला पण न वटलेला चेक कोणता, बँकेने कापलेला पण आपल्याकडे न लिहिलेला खर्च कोणता, न ओळखलेली जमा कोणती. ताळमेळ म्हणतात तो हाच. पहिल्या महिन्यात तीन तास लागले, सवयीने चाळीस मिनिटांवर आलं. स्थानिक निधी लेखापरीक्षणाला आलेल्या साहेबांनी आमच्या ताळमेळाच्या कागदांवरचे शिक्के पाहिले आणि पुढचं पान उलटलं. एकही आक्षेप त्या विषयावर आला नाही.

आता तक्रारी, आणि यातली पहिली गंभीर आहे.

मी सरपंच झाल्यावर बँकेने सह्या बदलल्या. ठराव, निवडणुकीचं प्रमाणपत्र, ओळखपत्र, फोटो, सगळं घेतलं. मला वाटलं काम झालं. फेब्रुवारी २०१९ मध्ये एका सकाळी आमच्या आधीच्या सरपंचभाऊंचा मुंबईहून फोन आला. ते मुलाकडे राहायला गेले होते. "वैनी, पंचायतीच्या खात्यातसून सकाळी अठ्ठावीस हजार गेले. माका मेसेज इलो. तुमका म्हायत आसा मां?" पाइपांचं बिल होतं ते, रीतसर होतं. पण मी फोन धरून तशीच उभी राहिले. सव्वा वर्ष पंचायतीच्या खात्याचे सगळे मेसेज दादरला जात होते! सह्या बदलल्या, मोबाइल नंबर कुणी बदललाच नव्हता. आमच्या आधीच्या सरपंचांचं मन मोठं म्हणून त्यांनी फोन केला.

बँकेत गेले तर म्हणाले, त्याचा फॉर्म वेगळा असतो. मग तो आधी का दिला नाही? उत्तर नव्हतं. तीन खेपा घातल्यावर नंबर बदलला. पदाधिकारी बदलले की सह्यांच्या फॉर्मबरोबरच मोबाइल आणि ईमेलचा फॉर्म पुढे करायला बँकेला काय अडचण आहे? दर पाच वर्षांनी हे होणार हे त्यांनाही ठाऊक आहे. सार्वजनिक पैशाच्या खात्यात एवढी ढिलाई मला मान्य नाही.

दुसरी तक्रार व्याजावरच्या करकपातीची. ग्रामपंचायतीला ठेवीच्या व्याजावर आयकर लागत नाही, तरी एका वर्षी आठ हजारांवर टीडीएस कापला, कारण त्यांच्या संगणकात आमची नोंद 'इतर संस्था' अशी होती. ते पैसे परत मिळवायला दोन वर्षं गेली. ठेव ठेवताना आपली नोंद कशी केली आहे ते पडद्यावर बघून घ्या.

तिसरी, ठेवीच्या मुदतीची. २०२१ च्या मेमध्ये, त्याच वादळाच्या धामधुमीत, आमची चौदा लाखांची ठेव पुरी झाली. आपोआप नूतनीकरणाचा रकाना फॉर्मवर कोरा राहिला होता. बँकेने पत्र पाठवलं नाही, फोन केला नाही. पाच आठवडे रक्कम बचतीच्या दराने पडून होती. यात अर्धी चूक आमची होती. ग्रामपंचायतीच्या नमुन्यांत २५ नंबरचा नमुना गुंतवणूक नोंदवहीचा आहे, तिथे मुदतीची तारीख असतेच. ती वही कपाटात होती आणि आम्ही कपाट उघडलं नाही. त्यानंतर ती तारीख मी कार्यालयाच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहायला लागले. ठेवीची मूळ पावती आम्ही प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवतो, आणि तिची झेरॉक्स ठरावाच्या फाइलला. पत्रे उडाले त्या रात्री कार्यालयात पाणी शिरलं होतं, पेटी वर होती म्हणून पावती कोरडी राहिली.

गणपतीतल्या रोकडीबद्दल लिहायलाच हवं, कारण आमच्या कोकणातल्या पंचायतींना हा प्रश्न दरवर्षी येतो. चाकरमानी गणपतीला येतात आणि वर्षाची घरपट्टी, पाणीपट्टी भरून जातात. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत कार्यालयात लाख-दीड लाख रोख जमते. बँकेला सुट्टी. आलेली वसुली परस्पर खर्च करायची नाही, ती आधी बँकेत भरायची हा नियम सगळ्यांना पाठ आहे, पण भरायची कुठे? आमच्याकडे पूर्वी ती रक्कम कुणाच्या तरी घरी देवापाशी ठेवायचे. माणूस प्रामाणिक होता, तरी पंचायतीचा पैसा कुणाच्या देव्हाऱ्यात राहणं मला बरं वाटेना. शाखेला विनंती केली. त्यांनी सुट्टीआधीच्या संध्याकाळी काऊंटर बंद झाल्यावरही आमची रोकड मोजून घेतली, सलग तीन वर्षं. कॅशिअर मॅडम रत्नागिरीच्या होत्या, त्यांना स्वतःला रात्रीची गाडी पकडून गणपतीला घरी जायचं होतं. पाचशेच्या नोटा दोनदा मोजल्या, एक फाटकी निघाली ती बाजूला ठेवली, शंभरच्या गड्ड्यावर कागदी पट्टी बांधली, स्लिपवर सही दिली आणि मग पर्स उचलली. अशी सेवा फलकावर लिहिलेली नसते.

नंतर शाखेनेच क्यूआर कोड दिला. मुंबईतून लोक थेट खात्यात भरतात, रोकड निम्म्यावर आली. त्यात अडचण एवढीच की बँकेच्या उताऱ्यावर नाव अर्धं येतं आणि घर क्रमांक येतच नाही. एकाच आडनावाची चाळीस घरं असलेल्या गावात कुणाचे पैसे आले हे शोधताना दमछाक होते. आम्ही भरणाऱ्याला घर क्रमांकासह स्क्रीनशॉट पाठवायला सांगतो आणि मगच नमुना १० ची पावती फाडतो. आणि तो कोड भिंतीवर उघडा चिकटवू नका. काचेमागे ठेवा, आठवड्यातून एकदा स्वतः एक रुपया टाकून तो पंचायतीच्याच खात्यात जातो का ते बघा. वर दुसऱ्याचा कोड चिकटवायला दोन सेकंद लागतात.

पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा वेगळ्या वाटेने यायचा. ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालींवर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सहीने खर्च व्हायचा. तिथे शाखेशी संबंध कमी यायचा. काळजी घ्यायची ती सहीच्या त्या छोट्या पेनड्राइव्हसारख्या डोंगलची. माझं डोंगल माझ्या घरी असायचं, कार्यालयात किंवा संगणक चालवणाऱ्या मुलाकडे कधीच नाही. त्या मुलावर माझा पूर्ण विश्वास होता. तरीही नाही.

एका प्रशिक्षणात ऐकलं की अमेरिकेतल्या अनेक राज्यांत गावाचा, शाळांचा पैसा ठेवणाऱ्या बँकेला विम्याच्या वरच्या रकमेपोटी सरकारी रोखे तारण ठेवावे लागतात. तिथे विमा अडीच लाख डॉलरचा, आणि त्यावरचं उघडं राहू नये म्हणून हे तारण. मला ते ऐकून फार वाटलं. आपण घर तारण ठेवल्याशिवाय बँक आपल्याला कर्ज देत नाही, आणि आपण गावाचे चौदा लाख बँकेला देतो तेव्हा हातात येते ती एक पावती. आपल्याकडेही ग्रामपंचायतींच्या ठेवीमागे असं काही असावं, ही मागणी सरपंचांनी एकत्र येऊन करायला हवी. ते होईपर्यंत १९६९ आणि १९८० मध्ये सरकारने ताब्यात घेतलेल्या बँकांच्या मागे सरकार उभं आहे, या आधारावर माझं मत राष्ट्रीयीकृत बँकेच्या बाजूने आहे.

गुण द्यायचे तर, पैशाची राखण म्हणून या शाखेला पाचपैकी साडेचार. कागदपत्रांच्या कामाला दोन, त्या मोबाइल नंबरमुळे. माणसांना साडेचार.

टाकी २०२२ च्या एप्रिलमध्ये पुरी झाली. ठेव मोडली त्या दिवशी बँकेने दोन्ही सह्या, ठराव आणि मूळ पावती मागितली, पन्नास हजारांवरच्या प्रत्येक चेकचा नंबर आणि रक्कम पॉझिटिव्ह पे या चेक पडताळणीसाठी आधी लिहून घेतली, कंत्राटदाराच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं म्हणून एक चेक परत केला.

जाणाऱ्यांसाठी थोडं : पंचायतीचं काम चार नंबरच्या काऊंटरवर होतं. सोमवारी आणि बाजाराच्या दिवशी गर्दी असते, जेवणाच्या सुट्टीनंतर अडीचला गेलं तर बरं. ठरावाच्या दोन प्रती न्या, दोन्हींवर गोल शिक्का आणि जावक क्रमांक हवा. आणि सह्यांचा फॉर्म भरून झाला की मोबाइल नंबर बदलायचा फॉर्म स्वतः तोंडाने मागा, तो अजूनही कुणी आपणहून देत नाही. आमच्या आत्ताच्या सरपंचबाईंबरोबर मी गेले होते तेव्हाही मागावाच लागला.